पहारा पण देतो, हप्ता पण घेतो : भृंगराजाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात भृंगराजावर जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते, तेही पान भरायला कमी पडत होतं म्हणून, आणि त्यावर इतके प्रश्न आले की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांचं ते वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी एका दमात सांगते. भृंगराज म्हणजे रानातला मोठा कोतवाल पक्षी, निळसर चमक असलेला काळा कुळकुळीत, कपाळावर मागे वळलेला तुरा, आणि शेपटीच्या दोन्ही कडांच्या पिसांची नुसती काडी लांबच लांब जाते आणि टोकाला पानासारखं पिळलेलं पातं, म्हणून पल्लवपुच्छ कोतवाल हे त्याचं दुसरं नाव. उडताना त्या काड्या दिसतच नाहीत, दिसतात फक्त दोन काळे ठिपके, जसे काही दोन भुंगे त्याच्या पाठीमागे लागलेत, आणि भृंग म्हणजे भुंगाच, त्यामुळे हे नाव मला फार आवडतं. आपल्याकडे सह्याद्रीत आहे, ताडोबा-मेळघाटाकडे आहे, आणि तिकडे पार मलेशिया-इंडोनेशियापर्यंत आहे.

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजचे चौघं कर्नाळ्याला गेलो होतो. शिक्रा ओरडला म्हणून सगळ्यांनी कॅमेरे वर केले, तर फांदीवर हा बसलेला! थोड्या वेळाने तोच सातभाईंसारखा कलकलाट करायला लागला. हा असं का करतो, टाइमपास म्हणून?

फसलात ना? मीपण फसलेय, आणि अजूनही फसते. पंचवीस-तीस वर्षं पक्षी बघणारे लोकसुद्धा रानात सर्प गरुडाची शीळ ऐकली की आधी आभाळाकडे बघतात आणि मग हळूच आजूबाजूला भृंगराज कुठे दिसतोय का ते बघून घेतात.

टाइमपास नाहीये रे तो. ह्या विषयावर सगळ्यात छान काम झालंय श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात, एबेन गुडेल आणि सारथ कोटगम ह्या दोघांचं, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. त्यांनी बघितलं की हा पक्षी नकला उगाच कुठेही करत नाही, वेळ बघून करतो. सगळं शांत असलं, चरणं चालू असलं तर तो थव्यातल्या सोबत्यांचे साधे आवाज काढतो, म्हणजे त्यांची गाणी, त्यांचे 'मी इथे आहे, तू कुठे' टाइपचे आवाज. आणि धोका दिसला, शिकारी पक्षी आला किंवा कोणाला हुसकवायचं असलं की मग शिकारी पक्ष्याचा आवाज आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका. म्हणजे कुठला आवाज कुठल्या प्रसंगाचा ह्याची त्याच्याकडे बरोबर वाटणी आहे. पुढे त्यांनी कोतवालाचे रेकॉर्ड केलेले आवाज जंगलात वाजवून बघितले, एकदा नुसते त्याचे स्वतःचे आणि एकदा नकलांसकट, तर नकला असलेल्या आवाजाला इतर जातींचे पक्षी जास्त जमले.

एक खुलासा आत्ताच करते नाहीतर कोणीतरी पत्र पाठवून मला पकडणार. सिंहराजातले कोतवाल तेव्हा भृंगराजाचीच उपजात धरले जायचे, आता बरेच जण त्यांना वेगळी जात मानतात आणि त्यांच्या शेपटीला ती लांब काडी-पातं नसतंच, नुसती खोलगट दुभंगलेली शेपटी. पण नकलांचा नाद दोघांना सारखाच.

आता प्रश्न उरतो की इतर पक्षी जमवून ह्याला मिळतं काय. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : आमच्या शेतात म्हशींच्या पाठीवर बसतो तो कोतवाल आणि हा एकच का? आम्ही त्याला लहानपणापासून बघतोय पण असं शेपूट कधी बघितलं नाही.

नाही काका, तुमचा तो साधा कोतवाल, हा त्याचा रानातला चुलतभाऊ. तुमचा उघड्या माळाचा, शेताचा, तारेवर बसणारा. हा दाट झाडीतला, उन्हात फारसा येतच नाही. पण तुम्ही नकळत मोठी गंमत विचारलीत, कारण दोघांचा धंदा एकच आहे, फक्त म्हशी वेगळ्या.

बघा, म्हैस चरताना गवत हलतं, गवत हललं की टोळ, नाकतोडे उडतात, आणि पाठीवर आयता बसलेला कोतवाल झेप घालून ते हवेतल्या हवेत टिपतो. म्हणजे जुन्या शिकारीत हाकारे लोक रान उठवायचे आणि शिकारी मचाणावर बसून राहायचा, तसंच. आता दाट रानात म्हशी कुठून आणायच्या? तर तिथे ह्याचे हाकारे म्हणजे इतर पक्षी. सातभाईंची टोळी पाचोळा उलथत चाललेली असते, सुतार साली सोलत असतो, निखार आणि सुभग वरच्या पानांत घुसलेले असतात, शिलींध्री खोडावरून उलटी चालत प्रत्येक भेगेत चोच घालत असते, अशी दहा-बारा जातींची मिळून वरात निघते, आम्ही पक्षीवाले तिला 'हंटिंग पार्टी' म्हणतो. शांत रानात तासभर काही दिसत नाही आणि मग अचानक पाच मिनिटांत सगळं झाड पक्ष्यांनी भरून जातं, ते हेच. आणि त्या वरातीत मधल्या उंचीच्या मोकळ्या फांदीवर, सगळ्यांकडे लक्ष ठेवून, भृंगराज. ह्यांच्या धक्क्याने जो किडा उडाला तो ह्याचा. माकडांच्या टोळीबरोबरही तो असाच जातो, माकडं फांद्या हलवतात आणि हा खालून गोळा करतो.

फणसाडला एका सकाळी मी हे अगदी जवळून बघितलं होतं. वठलेल्या ऐनाच्या झाडावर सोनपाठी सुतार ठोकत होता आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर हा बसलेला, मान तिरकी करून, एखाद्या मुकादमासारखा. सुतारानं सालीचा एक मोठा पापुद्रा उचकटला, त्यातून बोटभर लांब मिशांचा भुंगेरा सुटला, आणि सुतारानं मान वळवायच्या आत हा खाली घसरला, पंख उघडल्याचा फर्रर्र आवाज आला आणि भुंगेरा गायब. मग शेजारच्या फांदीवर बसून त्यानं तो पायाखाली दाबला, चोचीनं त्याचे टणक पंख एकेक करून तोडले, ते गिरक्या घेत माझ्या पुढ्यात पडले, आणि मऊ भाग तेवढा गिळला. सुतार बिचारा परत ठोकायला लागला. हा परत त्याच्या खाली येऊन बसला.

प्रश्न : तुमच्या लेखात तुम्ही त्याला एका वाक्यात 'रानाचा पहारेकरी' म्हणालात आणि पुढच्याच वाक्यात 'चोर'. दोन्ही कसं? मला तर तो फुकट बदनाम केल्यासारखा वाटला.

बदनाम नाही केला, पण दोन्ही आहे तो, खरंच आहे. जुन्या काळी कोतवाल म्हणजे शहराचा बंदोबस्त ठेवणारा अधिकारी, आणि बंदोबस्त ठेवणाऱ्याचे हात किती स्वच्छ असतात ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. ज्यानं कोणी ह्या पक्ष्याला कोतवाल म्हटलं त्यानं दोन्ही बाजू बघून म्हटलं असणार असं माझं आपलं मत आहे.

पहाऱ्याची बाजू आधी. पाचोळ्यात तोंड खुपसून किडे शोधणाऱ्या पक्ष्याला वर बघायला वेळ नसतो. भृंगराजाची शिकारच मुळी उंच फांदीवर ताठ बसून चारी बाजूंना बघत राहायची, त्यामुळे ससाणा, शिक्रा त्याला आधी दिसतो, आणि तो गप्प बसणारा नाही, ओरडून सगळं रान डोक्यावर घेतो, वर अंगावर पण धावून जातो. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या गरुडाच्या पाठीवर चोची मारत त्याला हाकलताना कोतवाल तुम्ही बघितला असेलच. म्हणजे त्याच्या आसपास चरणाऱ्यांना आयता वॉचमन मिळतो, आणि म्हणूनच ते त्याला सहन करतात.

आता हप्त्याची बाजू. उडालेला किडा उचलणं ही काही चोरी नाही, तो कोणाचाच नव्हता. पण मधूनच हा दुसऱ्याच्या चोचीतला किडापण हिसकावतो. आणि ह्यात त्याचा आफ्रिकेतला एक भाऊ तर पुढचा आहे, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कालाहारीच्या वाळवंटी प्रदेशात दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल आहे, तिथे दाट रान वगैरे काही नाही, पण हाकारे आहेत, मीरकॅट नावाचे मुंगसासारखे प्राणी आणि तिकडचे सातभाई. टॉम फ्लॉवर ह्या संशोधकानं ह्या कोतवालांच्या मागे वर्षानुवर्षं फिरून २०१४ साली जे मांडलं ते असं, की हा बहुतेक वेळा खरीच धोक्याची हाक देतो, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास बसलेला असतो, आणि मग एखाद्यानं वाळू उकरून चांगला मोठा किडा काढला की हा खोटीच हाक देतो, तो बिचारा किडा टाकून बिळाकडे पळतो, आणि हा खाली उतरून नाश्ता करतो. त्याच्या रोजच्या खाण्यातला साधारण २३ टक्के भाग अशा लुबाडणुकीतून येतो. आणि पुढची गंमत म्हणजे तीच हाक दोन-तीनदा दिल्यावर समोरचा ऐकेनासा झाला तर हा हाक बदलतो, दुसऱ्याच कुठल्या तरी पक्ष्याची धोक्याची हाक काढतो. 'लांडगा आला रे आला' मधला पोरगा एकच आरोळी देत बसला म्हणून फसला, ह्याच्याकडे आरोळ्यांचं अख्खं कलेक्शन आहे.

आपला भृंगराज तितका पक्का बिलंदर आहे असं मी म्हणत नाहीये. त्याची बरीचशी कमाई उडत्या किड्यांचीच. पण विचार करा ना, हाकारे जमवायचे तर त्यांच्याच आवाजात बोलावणं, ते पळू नयेत म्हणून पहारा देणं आणि अधूनमधून त्यांच्याच ताटातलं उचलणं, हे सगळं एकाच दुकानाचे तीन विभाग आहेत. पहारा फुकट असता तर मीही त्याला नुसता पहारेकरीच म्हटलं असतं.

प्रश्न : आमच्या बागेमागच्या रानात रोज एक भृंगराज येतो पण त्याला एकाच बाजूचं लांब पीस आहे, उडताना एकच ठिपका दिसतो. जखमी आहे का? पकडून डॉक्टरकडे न्यावं का?

अजिबात नको! ठणठणीत आहे तो. ती काडी एवढी बारीक आणि लांब असते की झाडीतून घुसताना मोडते, आणि वर्षातून एकदा पिसं झडून नवीन येतात तेव्हाही एक आधी पडतं, एक नंतर. एक ठिपका, कधी शून्य ठिपके, कधी एक लांब एक आखूड, असे सगळे नमुने दिसतात. पिल्लांना तर सुरुवातीला ते पीसच नसतं आणि तुराही नावापुरता. त्यामुळे ओळख शेपटीवर ठेवूच नका, कपाळाचा तुरा, जाडजूड चोच आणि तो कुठे बसलाय ते बघा. बिनपिसांचा भृंगराज बघून 'साधा कोतवाल' असं वहीत लिहून टाकलेले कितीतरी जण मला माहीत आहेत, एक तर रोज आरशात दिसते.

प्रश्न : भृंगराज तेल ह्याच्यापासून करतात का? (हसू नका.)

हसले. नाही हो, ते भृंगराज म्हणजे माका, पाणथळ जागी उगवणारी पांढऱ्या फुलांची वनस्पती. पक्ष्याच्या डोक्यावर तुरा आहे तो तेल न लावता.

प्रश्न : मी सहावीत आहे. भृंगराज फक्त किडेच खातो का? आणि पावसात किडे नसतात तेव्हा काय खातो?

अगं, पावसातच तर किडे जास्त असतात! पहिला मोठा पाऊस पडून गेला की संध्याकाळी जमिनीतून पंखवाली वाळवी निघते, धुरासारखी वर चढते, आणि तेव्हा ह्याची दिवाळी असते. फांदीवरून सुटायचं, एक टिपायची, गर्रकन वळून परत त्याच फांदीवर. एकदा मी मोजायला बसले होते, मोजता मोजता माझाच गोंधळ झाला आणि सोडून दिलं. अंधार पडला तरी तो थांबत नाही, बाकीचे पक्षी झोपायला गेले तरी हा उडतोच आहे. चोचीच्या मुळाशी त्याला राठ केसांसारखी पिसं असतात, तू कधी जवळून फोटो बघितलास तर दिसतील.

फक्त किडेच नाही. टोळ, पतंग, भुंगेरे, चतुर, खंडोबाचा किडा हे मुख्य जेवण, मधूनच एखादा सरडा, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पांगारा, सावर फुलली की हा तिथे मध प्यायला हजर. मध पिऊन झाल्यावर चोचीवर, कपाळावर पिवळी पूड लागलेली असते, म्हणजे येता-जाता झाडाचं परागीभवनही करून टाकतो. आणि फुलांवर येणारे किडेपण तिथेच मिळतात, एका तिकिटात दोन खेळ.

प्रश्न : घरट्याचे फोटो काढायचे आहेत. कुठला महिना, कुठलं झाड, किती उंचीवर असतं?

महिना सांगते, एप्रिलपासून पुढे पावसाळा लागेपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे. घरटं म्हणजे एक उथळ वाटी, फांदीच्या टोकाकडच्या बेचक्यात, बारीक काड्या-मुळ्यांची आणि कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेली, इतकी विरळ की हे टिकतं कसं असं वाटतं. अंडी तीन-चार. झाडाबद्दल त्याची एक सवय मला फार आवडते, तो बऱ्याचदा गुळगुळीत खोडाचं, आजूबाजूच्या झाडांना न टेकलेलं असं सुटं झाड निवडतो, आणि खोडावर सालीचे खपले असतील तर जोडी ते चोचीनं काढूनही टाकते. खालून चढून येणाऱ्याला पकड मिळू नये म्हणून असणार, दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

पण उंची-बिंची सांगणार नाही आणि फोटो काढायला जाऊ नका. आई-बाप उडून गेल्यावर उघड्या वाटीतलं पिल्लू कावळ्याला दिसायला दोन मिनिटं पुरतात, आणि ते उडतात तुमच्यामुळे. त्याच पत्रात तुम्ही मोबाईलवर त्याचा कॉल वाजवून जवळ बोलवायचं विचारलंय, तेही नको. घरट्याच्या दिवसात तो घुसखोर आला समजून चिडून येतो, अंडी सोडून येतो, आणि तुम्हाला वाटतं वा काय जवळ आला. फांदीवर बसलेल्याचा काढा की हवे तेवढे.

प्रश्न : इतक्या छान नकला करतो तर पोपटासारखा पाळता येतो का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे, आणि पोपटासारखा म्हणालात म्हणून सांगते, आपले रानपोपट पाळणं हाही गुन्हाच आहे. पुढचा प्रश्न.

प्रश्न : पावसात आमच्याकडे कोतवालासारखाच काळा, शेपूट दुभंगलेला पक्षी येतो पण आवाज कोकिळेसारखा चढत जाणारा, पी-पी-पी-पी. हा भृंगराज नक्कल करतोय का?

ह्या वेळी उलटं आहे, इथे कोतवालाची नक्कल दुसऱ्यानं केलीय! तो ड्रोंगो कुक्कू, कोकिळेच्या घराण्यातला. पावसाळ्यात ओरडतो म्हणून कळतो, नाहीतर डोळ्यासमोर बसला तरी लोक कोतवाल म्हणून पुढे जातात. दुर्बिणीतून शेपटीच्या खालच्या बाजूला बघा, पांढरे आडवे पट्टे दिसतील, आणि चोच बारीक, किंचित वाकलेली. अंडी मात्र कोतवालाच्या घरट्यात नाही घालत, तेवढी हिंमत नाही, छोट्या सातभाईंच्या जातींच्या घरट्यात घालतो. मग कोतवालाचा वेष कशाला, तर चिडक्या कोतवालाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, त्याच्या वर्दीत फिरलं की आपल्यालाही कोणी हटकत नाही, असं एक स्पष्टीकरण देतात आणि मला ते पटतं.

प्रश्न : आंबोलीला होमस्टेमध्ये राहिलो होतो. पहाटे चारला खिडकीबाहेर कोणीतरी पत्र्यावर हातोडी मारल्यासारखं टंक-टंक-टंक सुरू केलं. मालक म्हणाले भृंगराज आहे. एवढ्या पहाटे? आणि त्याला थांबवायचा काही उपाय?

मालक बरोबर बोलले. हा सगळ्यात आधी उठणारा आणि सगळ्यात शेवटी झोपणारा, चांदणं असलं तर चारलाच सुरू होतो, आणि त्याचा तो धातूसारखा टंक-टंक ऐकू आला की समजायचं आता झोप संपली. उपाय काही नाही हो. पुढच्या वेळी उठलातच तर दिवा न लावता, चहा घेऊन व्हरांड्यात येऊन बसा. रात्रभर बाहेरच्या बल्बला येऊन भिंतीवर चिकटलेले पतंग असतात ना, त्यांचा हिशोब करायला तो उजाडायच्या आत येतो, भिंतीवरून अलगद एकेक उचलतो आणि पंख तुमच्या चपलांवर टाकून जातो.